गळतीचा हिशेब

अकोल्याला मामांच्या घरी, माडीवर, खिडकीशी लावलेल्या टेबलावर आजोबांचा ॲम्प्लिफायर उघडून ठेवला होता. सागवानी खोकं, पुढे दोन काळी बटणं, आत एक ट्रान्सफॉर्मर आणि करंगळीच्या पेराहून लहान, पत्र्याच्या टोप्यांचे ट्रान्झिस्टर. मामांनी तो 1971 साली स्वतः बांधला, वडिलांना, म्हणजे अण्णांना, घरी रेकॉर्ड ऐकता याव्यात म्हणून. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा तो बंद पडला. मी त्यातली शेवटची जोडी, AC187 आणि AC188, काढली आणि तिथे BD139 आणि BD140 ही सिलिकॉनची जोडी बसवली. या गोष्टीला बारा वर्षं झाली. मामा तेव्हा काही बोलले नाहीत. काढलेले दोन ट्रान्झिस्टर त्यांनी टेबलावरून उचलले आणि खिशात टाकले, एवढं मला आठवतं.

मामांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. मी पुण्यात पॉवर सप्लायची सर्किटं डिझाईन करते. या मे महिन्यात आमचं जे बोलणं झालं ते दोन दिवस चाललं. लिहून ठेवते आहे, कारण घरातला असा जुना सेट उघडून बसलेली पुष्कळ मंडळी मला अलीकडे भेटतात आणि त्यांच्यापुढे हाच प्रश्न असतो : जर्मेनियम ठेवायचं की काढायचं?

मामा : जोडी पुन्हा जुनीच बसवायची. माझ्याकडे आहे ती.

मी : का पण, मामा? बारा उन्हाळे चालला हा. तुमच्या जोडीनं किती उन्हाळे काढले होते?

मामा : तीन जोड्या लागल्या त्याला, खोटं कशाला बोलू? एकदा तर मे महिन्यात दुपारी बारा वाजता अण्णांनी गाणं लावलं आणि साडेबारापर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर गेले.

मी : मग? आवाज गोड लागतो म्हणून हवंय का जर्मेनियम?

मामा : गोड असतं असं मी कधी म्हटलं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची. त्यात निम्मा गोडवा जुन्या स्पीकरचा आणि उरलेला आठवणींचा.

मला इथे बरं वाटलं, कारण माझंही मत तेच आहे. त्या काळातल्या मिश्रधातू पद्धतीच्या पॉवर ट्रान्झिस्टरांचा वेग मुळात कमी. वरच्या पट्टीतले सूर ते थोडे खाली बसवतात. त्यात लाकडी खोकं आणि कागदी कोनचा स्पीकर. या सगळ्याला लोक ‘जर्मेनियमची ऊब’ म्हणतात. गिटार वाजवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 1966 साली निघालेल्या फझ फेस या पेडलमध्ये जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर मुद्दाम आवाज फाडण्यासाठीच होते, आणि तो फाटलेला आवाज अजून जगभर मागितला जातो. तिथे जर्मेनियम हे वाद्याचाच भाग आहे. पण आजोबांच्या ॲम्प्लिफायरचं काम रेकॉर्डवर जे आहे तेवढंच पुढे पोचवण्याचं होतं.

मामा : तू सिलिकॉन घातलंस त्या रात्री आवाज कसा आला, सांग बरं.

मी : हळू आवाजात फाटला. कागद चुरगाळल्यासारखा.

मामा : का?

मी : बायस. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बेसवर 0.2 व्होल्ट मिळाले की जागा होतो, सिलिकॉनला 0.6 लागतात. तुमच्या सर्किटमध्ये दोन बेसमध्ये मिळून जेमतेम 0.4 व्होल्ट होते. एक ट्रान्झिस्टर लहरीचा वरचा अर्धा ओढतो, दुसरा खालचा. माझी जोडी मधल्या जागेत दोघंही झोपलेले अशी होती. मोठ्या आवाजात ते लपतं. हळू आवाजात सगळं गाणंच त्या मधल्या जागेत असतं.

मामा : आणि मग तू थर्मिस्टर काढून टाकलास.

मी : त्याच्या जागी दोन सिलिकॉन डायोड घातले आणि एक लहान रेझिस्टर. आवाज स्वच्छ झाला. पण गाणं नसतानाही BD139 तापायचा. कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर कानाला ऐकू न येणारी लहर आतल्या आत फिरत होती. सिलिकॉनचा वेग तुमच्या जोडीच्या कितीतरी पट, सर्किटला तो झेपला नाही. 100 पिकोफॅरडचा एक कंडेन्सर घातल्यावर थांबलं.

मामा : म्हणजे दोन ट्रान्झिस्टर बदलायला निघालीस आणि बायस बदललास, थर्मिस्टर काढलास, कंडेन्सर वाढवलास. मी हेच म्हणतोय. हे खोकं सुट्या भागांचं नाही. एक भाग काढला की शेजारच्या चार भागांना काम उरत नाही.

ते उठून कपाटातून एक वही घेऊन आले. 1971 च्या पानावर सर्किट शाईनं काढलेलं, प्रत्येक रेझिस्टरजवळ किंमत, आणि थर्मिस्टरजवळ ‘130 ओहम, प्लेटला चिकटवून’ असं लिहिलेलं. पुढचा अर्धा तास ते जे बोलले ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकात असेल, पण आम्ही ते पान ओलांडून पुढे गेलो होतो.

मामा : जर्मेनियमचा रोग एकच, गळती. बेसला काही दिलं नाही तरी थोडा करंट आतून वाहतोच. आता ही गळती जर बेसमध्ये अडकली तर ट्रान्झिस्टर तिलाच सिग्नल समजतो आणि स्वतःच्या गेननं गुणतो. 5 मायक्रोअँपिअरची गळती, 80 चा गेन, झाले 400. हे 25 अंशाला. दर 10 अंशाला गळती दुप्पट होते असं धरून चाल. आपल्या अकोल्यात खोलीत 45 झालं की चौपट. 400 चे 1600. करंट वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की गळती वाढते, गळती वाढली की आणखी करंट. अण्णांच्या त्या दुपारी अर्ध्या तासात हेच झालं.

मी : थर्मल रनअवे. म्हणूनच तर म्हणते, सिलिकॉन.

मामा : थांब. आम्ही त्यावर काय करायचो ते बघ. गळतीला बाहेर जायला वाट द्यायची. बेसपासून ग्राऊंडपर्यंत कमी ओहमची वाट ठेवली की गळती तिथून निघून जाते, गेननं गुणली जात नाही. जुन्या सर्किटमध्ये बेसचे रेझिस्टर इतके लहान का, बॅटरी उगाच का खातात, असं तुम्ही मुलं विचारता. ती गळतीची मोरी आहे. आणि OC72 च्या जोडीचा जुना रेडिओ घे. त्यात मधे ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर असतो. आता सगळे म्हणतात, ट्रान्सफॉर्मर म्हणजे मागासलेपण, वजन, खर्च. अगं, त्याच्या गुंडाळीचा रोध थोड्या ओहमचा. गळतीला त्याहून चांगली वाट कुठली? सिग्नलला मात्र ती वाट दिसत नाही. एकाच तारेनं दोन कामं केली.

मी वहीकडे बघत राहिले. मी पॉवर सप्लायमध्ये रोज ट्रान्सफॉर्मर वापरते. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरकडे या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

मामा : एमिटरमध्ये अर्ध्या ओहमचा रेझिस्टर, करंट वाढला की तो जरा मागे ओढतो. आणि थर्मिस्टर हीटसिंकच्या प्लेटला चिकटवलेला. प्लेट तापली की त्याचा रोध उतरतो आणि बायस खाली येतो. ट्रान्झिस्टर म्हणतो वाढव, थर्मिस्टर म्हणतो उतर. तुझ्या सिलिकॉनला यातलं काही लागत नाही म्हणतेस.

मी : लागतं, मामा. सिलिकॉनचं बेस व्होल्टेजही दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टनं उतरतं. म्हणून तर माझे डायोडही मी प्लेटला चिकटवले. पण गळती नगण्य आहे, आणि सिलिकॉनचं जंक्शन 150 अंशापर्यंत टिकतं. तुमचं 90 च्या आसपास संपतं. मे महिन्यात अकोल्यात खोलीच 45 ची असेल तर तुमच्या हातात उरतं काय?

मामा : उरतं ते सांभाळून वापरायचं. दुपारी गाणं लावायचं नाही.

मी : आजोबा दुपारीच ऐकायचे.

मामा यावर गप्प झाले. खिडकीतून उकाड्याची झळ येत होती. मी पाणी आणायला खाली गेले.

थोडं मागचं सांगायला हवं. जर्मेनियम हे मूलद्रव्य 1886 साली जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे क्लेमेन्स विंकलर यांना सापडलं. ते असणार हे मेंडेलीव्हनं पंधरा वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. डिसेंबर 1947 मध्ये बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला तो जर्मेनियमचा. ते 938 अंशाला वितळतं, सिलिकॉन 1414 ला, त्यामुळे शुद्ध करायला सोपं. 1954 साली अमेरिकेत रीजन्सीचा पहिला खिशातला रेडिओ आला त्यात जर्मेनियमचे चार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॉर्डन टील यांनी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर पुढे ठेवला. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं, म्हणजे बीईएलनं, 1962 मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. मामांच्या ॲम्प्लिफायरमधल्या ड्रायव्हरवर, त्या AC128 वर, बीईएलचंच नाव आहे. मी तो काढला नव्हता. तो 1971 पासून आजपर्यंत चालू आहे.

सिलिकॉन जिंकलं ते काही फक्त उष्णतेमुळे नाही. सिलिकॉनवर ऑक्साइडचा जो थर येतो तो काचेसारखा घट्ट असतो आणि खालच्या जंक्शनचं रक्षण करतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. म्हणून जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर काचेत किंवा पत्र्यात हवाबंद करावा लागतो, आणि पन्नास वर्षांत ती टोपी जरा जरी उसवली की आत दमट हवा जाते. तो कपाटात पडल्या पडल्या बिघडू शकतो. वापरला नाही म्हणजे नवा राहिला, हे जर्मेनियमच्या बाबतीत खरं नाही. जुन्या मालाचे भाव सांगणारे विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत.

मी वर आले तेव्हा मामांनी एक पिवळं पाकीट टेबलावर ठेवलं होतं. वर त्यांच्या अक्षरात माझं नाव, तारीख आणि ‘अण्णांचा ॲम्प्लि., तिसरी जोडी’.

मामा : हीच ती. तू काढलेली. तेव्हा कंडेन्सर वाळले होते म्हणून आवाज गेला होता. तू आधी जोडी काढलीस.

हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मी धरून चालले होते की जोडी मेली होती. शेवटचा 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मी त्याच वेळी बदलला होता, पण ‘करतोय तर तोही करू’ म्हणून. जुना सेट उघडला की निम्म्याहून जास्त वेळा दोष वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांत असतो. मामा नव्या पोराला दुकानात पहिल्या दिवशी सांगायचे : सेट आधी सिरीज लॅम्पवर लाव, मग कंडेन्सर बघ, ट्रान्झिस्टरला हात सगळ्यात शेवटी. मी पहिल्यांदा हात ट्रान्झिस्टरला लावला, कारण तो जुना दिसत होता.

मी : मग आता मोजूया. आणि मल्टिमीटरच्या खाचेत घालून नाही.

मामा : खाचेत घातलास तर 180 गेन दाखवेल. गळतीलाच गेन म्हणतो तो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही मोजायला बसलो. भिंतीवरचा तापमापक 27 अंश दाखवत होता. रीत साधी आहे. 9 व्होल्टची बॅटरी, कलेक्टरमध्ये 2.2 किलोओहम आणि 270 ओहम एकापाठी एक, म्हणजे 2470 ओहम. बेस मोकळा ठेवायचा आणि त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाचायचं. ही झाली गळती. मग बेसला 2.2 मेगाओहममधून बॅटरी द्यायची, साधारण 4 मायक्रोअँपिअर जातात. पुन्हा वाचायचं. दोन आकड्यांतला फरक शंभरानं गुणला की गेन. AC188 साठी बॅटरी उलटी जोडायची, तो पीएनपी आहे.

मामा : जोडलास की हात काढ. बोटात धरशील तर बोटाच्या उबेनं आकडा चढतो. पाच मिनिटं थांब.

थांबलो. AC187 नं बेस मोकळा असताना 0.62 व्होल्ट दाखवले, बेस जोडल्यावर 1.42. म्हणजे गळती 250 मायक्रोअँपिअर आणि गेन 80. चांगला होता. AC188 नं 1.95 आणि 2.70 दाखवले. गेन 75, पण गळती जवळपास 800.

मामांनी आकडे वहीत लिहिले, पुढे ‘27 अंश’ लिहिलं आणि म्हणाले, दुपारी पुन्हा. दुपारी एकला तापमापकावर 41 होते. AC187 चे 0.62 चे 1.6 झाले. AC188 एकट्या गळतीवरच 5 व्होल्टच्या वर गेला, म्हणजे 2 मिलिअँपिअर, आणि अजून त्यातून एक सूरही गेला नव्हता.

मी : काय म्हणता?

मामा : जोडी फुटली. हा 188 बसवणार नाही मी.

मी : दुसरा 188 आणूया का? पुण्यात तापकीर गल्लीत, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळेल एखादा.

मामा : मिळेल. वरचा छाप पुसून नवा मारलेलाही मिळेल. आणि खरा मिळाला तरी हाच 187 त्याला जुळेल कशावरून? आम्ही जोडी एका पाकिटात घ्यायचो, कारखान्यानं जुळवून दिलेली. आता असे ट्रान्झिस्टर मोठे कारखाने बनवत नाहीत. जे आहेत ते तेवढेच. एक खरा 188 असेल तर तो अशा सेटमध्ये जावा जिथे बाकी सगळं अजून मूळचं आहे. या खोक्यातलं तू बायस बदललेलंच आहेस.

मला वाटलं होतं मामा हट्ट धरतील आणि मला आकडे दाखवून त्यांना पटवावं लागेल. त्यांनी स्वतःच आकडा वाचून निकाल दिला. म्हणून माझंही मत इथे सरळ मांडते, कारण या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच बरोबर आहेत असं मला वाटत नाही.

ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर असलेला, OC72 किंवा AC128 च्या जोडीचा सेट असेल, तर त्यात सिलिकॉन घालू नये. ते सर्किट गळतीला वाट देऊनच आखलेलं असतं, करंट थोडा असतो, आणि कंडेन्सर बदलून बायस तपासला की असा सेट पुष्कळदा जुन्याच ट्रान्झिस्टरांवर उठून बसतो. तिथे सिलिकॉन घालणं म्हणजे चालत्या माणसाला कुबड्या देणं. मामांच्या कपाटात असा एक रेडिओ आहे. पूर्वी कधीतरी मी त्याच्यावरही डोळा ठेवला होता. आता त्याला हात लावणार नाही. त्याच्या OC71 च्या काचेवरचा काळा रंगसुद्धा जपायचा. मामांच्या दुकानातल्या एका पोरानं तो रंग हौसेनं खरवडला होता आणि रेडिओ ट्यूबलाइटखाली ठेवला की घुमायला लागायचा. जर्मेनियमच्या जंक्शनवर उजेड पडला तरी करंट वाहतो.

पण आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेला, जास्त ताकदीचा, रोज वाजणारा सेट असेल आणि त्याची जुळलेली जोडी गेली असेल, तर सिलिकॉन घालावं. घालावं म्हणजे पुरतं घालावं : बायस नव्यानं मोजून, डायोड प्लेटला चिकटवून, आतल्या आत लहर उठत नाही ना ते ऑसिलोस्कोपवर बघून. पाय तेवढे जुळवून डाख द्यायचा आणि सेट गिऱ्हाइकाला द्यायचा, ही दुरुस्ती नाही. मामांचा माझ्यावरचा राग सिलिकॉनमुळे नव्हता, हे मला बारा वर्षांनी कळलं. त्या पहिल्या रात्री मी फाटका आवाज ऐकून ‘चालतंय’ म्हणाले होते, आणि थर्मिस्टर केराच्या टोपलीत टाकला होता. पाकिटात सगळं होतं, तो थर्मिस्टर नव्हता.

संध्याकाळी मी माझी BD जोडी तशीच ठेवून ॲम्प्लिफायर बंद केला. मामांनी वहीतल्या सर्किटशेजारी माझ्या बदलांचं सर्किट त्यांच्याच शाईनं काढलं, डायोड, रेझिस्टर, 100 पिकोफॅरड, सगळं. दोन्ही पानांची प्रत खोक्याच्या तळाला चिकटवली. AC187 आणि AC188 पाकिटात परत गेले, आता वर चार आकडे आणि दोन तापमानं लिहून, आणि ते पाकीटही खोक्यातच ठेवलं. मग आजोबांची एक रेकॉर्ड लावली. तेव्हाही खोलीत 39 अंश होते.

तुमच्या घरी असा सेट असेल आणि त्यातला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर काढण्याची वेळ आली, तर तो फेकू नका. त्याची गळती मोजा, आकडा आणि त्या वेळचं तापमान पाकिटावर लिहा, त्याच्यासोबत काढलेला थर्मिस्टर आणि रेझिस्टर त्यातच घाला, आणि पाकीट त्याच खोक्यात ठेवून द्या.